स्तनातला पहारा : प्रस्तावना

दर गुरुवारी मराठवाड्यातल्या आमच्या शहराच्या छावणीत आठवडी बाजार भरतो. ताजी व्यालेली म्हैस विकायला आली की जाणतं गिऱ्हाईक आधी तिच्या कासेवरून हात फिरवतं आणि मगच किमतीचं बोलतं. कास गरम आहे का, कुठे दगडासारखी लागते का, एखादा सड बंद आहे का, हे त्या हाताला कळतं. मी या बाजाराच्या गलक्यात लहानाची मोठी झाले. आमच्याकडे दूध घालणारे काका म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक आठवणीने आणून द्यायचे आणि आई त्याचा खरवस करायची. साधं दूध कितीही वाफवलं तरी दूधच राहतं. चीक मात्र बघता बघता थिजतो आणि त्याच्या सुरीने वड्या पडतात. असं का होतं, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यात वासराची ताकद असते."

पुढे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकताना आईचं उत्तर अक्षरशः खरं निघालं. वासरू पोटात असताना आईच्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. रोगाशी झुंजायची सगळी शिदोरी त्याला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चिकातूनच मिळते. त्यामुळे चिकात या प्रथिनांची दाटी असते, आणि वाफेवर थिजतात तीही मुख्यतः तीच. माणसाच्या बाळाची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्याला काही प्रतिपिंड वारेतून आधीच मिळालेले असतात. बाळंतिणीच्या पहिल्या पिवळ्या दुधातून आणि नंतरच्या रोजच्या दुधातून त्याला दुसऱ्या जातीचे प्रतिपिंड मिळतात. ते आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बसून राहतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी आईच्या आतड्यात आणि श्वासमार्गात जंतूंशी ओळख करून घेतात, मग रक्तातून प्रवास करत स्तनात येतात आणि तिथे मुक्काम ठोकतात. ज्या घरात, ज्या गावात बाळ जन्मलं तिथल्या जंतूंची ओळख असलेलं दूध त्यामुळे तयार होतं.

ही पुस्तिका स्तनाच्या कर्करोगाबद्दल आहे, आणि तिची सुरुवात मी मुद्दामच दुधापासून करते आहे. स्तन म्हणजे चरबी, दुधाच्या नळ्या आणि त्यांच्या टोकाशी असलेले दुधाच्या पिशव्यांचे घोस, एवढंच आपण शिकतो आणि शिकवतो. स्तन हा प्रतिकारव्यवस्थेचाही अवयव आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जाते. ती ओळ सुटली की गाठीत सापडणाऱ्या प्रतिकारपेशींचा अर्थ लागत नाही. मग वाटतं की गाठ झाली म्हणून या पेशी कुठून तरी धावत आल्या. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीतरी पेशी तिथल्याच रहिवासी असतात, गाठ होण्याच्या आधीपासूनच्या.

ही पुस्तिका लिहायला एका बाईंनी मला भाग पाडलं. पैठणच्या बाजूच्या एका गावातून त्या आल्या होत्या. छातीत गाठ होती, तुकडा काढून तपासणीला आलेला होता. रिपोर्टला उशीर का होतोय हे विचारायला त्या लेकाला घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात आल्या. मी त्यांना आत बोलावलं आणि दोघांना एकदम बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकावर त्यांची स्लाइड लावली. गुलाबी पार्श्वभूमीवर वेड्यावाकड्या मोठ्या पेशींचे पुंजके दिसत होते आणि त्यांच्या भोवती मोहरीएवढे गडद निळे ठिपके दाटले होते. मी म्हटलं, "मावशी, ह्या मोठ्या पेशी आजाराच्या." त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "आन् हे बारीक टिपके कुणाचे हायेत? माझे का गाठीचे?"

पस्तीस वर्षं मी काचेवरचे तुकडे वाचते आहे. इतका नेमका प्रश्न मला कुणा विद्यार्थ्याने विचारलेला आठवत नाही. प्रतिकारव्यवस्थेच्या खुणा या सगळ्या अभ्यासशाखेचा प्रश्नच तो आहे. ते ठिपके म्हणजे लिंफोसाइट, पांढऱ्या पेशींची एक जात. त्या मावशींच्याच होत्या. पण त्या कुणाच्या बाजूने काम करत होत्या, हे नुसत्या ठिपक्यावरून सांगता येत नव्हतं.

ते सांगण्यासाठी खुणा, म्हणजे मार्कर, लागतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात आणि कोणत्या पेशीवर कोणतं प्रथिन हे बरंचसं ठरलेलं असतं. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी प्रयोगशाळेत हवी तितकी बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग जगभर अशा अँटिबॉडींचं पीक आलं आणि प्रत्येक प्रयोगशाळा आपापली नावं ठेवू लागली. हा गोंधळ निस्तरायला १९८२ साली पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी 'सीडी' ही अनुक्रमांकांची पद्धत घातली. सीडी-८ म्हणजे मारेकरी टी-पेशी, सीडी-४ म्हणजे त्यांना मदत करणाऱ्या आणि हुकूम देणाऱ्या टी-पेशी, सीडी-२० म्हणजे बी-पेशी, सीडी-६८ म्हणजे मॅक्रोफेज, गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी. नावं रुक्ष आहेत खरी. फौजेत शिपायाला बिल्ला क्रमांकाने हाक मारतात, तशी ती समजावीत.

खूण दिसते कशी, हेही सांगायला हवं, कारण रिपोर्टवरचा एक शब्द किती हातांतून येतो हे रुग्णाच्या घरच्यांना कधीच कळत नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, आणि त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ, काप काढायचे. फॉर्मलिनमुळे प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात, म्हणून काचेवरचा काप गरम द्रावणात उकळून ती मोकळी करतात. त्यासाठी पुष्कळ प्रयोगशाळांत चक्क प्रेशर कुकर वापरतात, घरी डाळीला वापरतो तसलाच. मग उंदराच्या किंवा सशाच्या पेशींपासून मिळवलेली अँटिबॉडी कापावर टाकायची, तिच्यामागून रंग आणणारं एन्झाइम. हे एन्झाइम मुळ्याच्या गोतातल्या एका तिखट कंदापासून काढतात. जिथे खूण असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशी निळ्या दिसाव्यात म्हणून जे रंगद्रव्य घालतात, ते मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. उंदीर, कंद, लाकूड आणि कुकर एवढ्यांच्या मेळातून एका बाईच्या आजाराचा एक शब्द ठरतो. म्हणूनच प्रत्येक पायरीला शिस्त लागते. मोठा काढलेला स्तन न चिरता छोट्याशा बरणीत कोंबून, वर दोन बोटं फॉर्मलिन घालून पाठवलेला मी पाहिला आहे. बाहेरची कड मुरलेली आणि आतली गाठ कुजलेली. कुठून आला होता ते मी लिहीत नाही. पण त्या बाईचे मार्कर आम्हाला कधीच वाचता आले नाहीत, आणि ते दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही. तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे आणि सहा ते बहात्तर तास त्यात राहिला पाहिजे. हे काही महागडं तंत्र नाही.

आता निरोगी स्तनाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यांत कमी अभ्यासलेला आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

मी छावणीत राहते, म्हणून मला एक उपमा सुचते. फौज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लढाई येते. निजामाच्या आणि इंग्रजांच्या काळापासून इथे फौजेचा तळ आहे. आम्ही इथे पाहतो ते मात्र पहाटेची कवायत, चुना मारलेले दगड, झाडलेले रस्ते, फाटकावरचा पहारा. वर्षाचे बहुतेक दिवस फौज निगा राखत असते. निरोगी स्तनातल्या प्रतिकारपेशींचंही हेच. दुधाच्या नळीला आतून दोन थरांचं अस्तर असतं. सीडी-८ पेशी या अस्तरात, अस्तराच्या पेशींच्या मधोमध, घुसून बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी निरोगी स्तनातले घोस मोजून पाहिले, तेव्हा या पेशी आणि धोक्याची वर्दी देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी अस्तरालाच खेटून आढळल्या. बी-पेशी तुरळक होत्या. मॅक्रोफेज नळ्यांच्या कडेकडेने असतात आणि त्यांच्या लांब फांद्या अस्तराच्या पेशींमधून सतत चाचपत असतात. उंदरांमध्ये हे जिवंत चित्रणात दिसलं आहे.

त्यांचं मोठं काम दूध सुटतं तेव्हा निघतं. बाळाचं अंगावरचं पिणं थांबलं की दूध आटतं, असं आपण सहज म्हणतो. आत मात्र दूध बनवणाऱ्या असंख्य पेशी मरतात आणि अख्ख्या घोसांची मोडतोड होते. ते सारं उचलून नेऊन जागा पुन्हा पूर्वीसारखी करायचं काम मॅक्रोफेजचं असतं. जखम भरते तशीच ही प्रक्रिया आहे. या काळात पेशी वाढायला उत्तेजन देणारी रसायनं सुटतात, नवे रक्तमार्ग फुटतात आणि मारेकरी पेशींना शांत ठेवलं जातं, नाहीतर स्वतःच्याच मोडक्या पेशींवर हल्ला व्हायचा. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत निदान झालेला स्तनाचा कर्करोग जास्त आक्रमक का वागतो, याचं एक कारण या साफसफाईच्या काळात शोधलं जात आहे. दुरुस्तीसाठी निर्माण केलेलं वातावरण एखाद्या बिघडलेल्या पेशीच्याही पथ्यावर पडतं.

इथे एक गैरसमज लगेच दूर करते, कारण हे वाचून एखादी आई घाबरेल. अंगावर पाजल्याने कर्करोगाचा धोका वाढत नाही, कमी होतो. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र मोजदाद २००२ साली प्रसिद्ध झाली. एकूण पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी उतरतो, आणि दर बाळंतपणामागे आणखी सात टक्क्यांनी, असं त्यात निघालं.

दूध आणि कर्करोग यांच्या नात्यावर ज्या मराठी बाईंनी आयुष्य वेचलं, त्यांचं नाव या प्रस्तावनेत यायलाच हवं. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुंबईला टाटा रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतीसंवर्धन शिकल्या. परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी एका कोड्याने सगळ्यांना पछाडलं होतं. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग आईकडून लेकीला दुधातून जातो, असं जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवलं होतं. दुधातला तो घटक म्हणजे एक विषाणू निघाला. माणसात असं काही सिद्ध झालेलं नाही. रणदिवे यांनी उंदरांचे वाण जोपासून या विषाणूचं, संप्रेरकांचं आणि आनुवंशिकतेचं नातं वर्षानुवर्षं तपासलं. एकच कारण धरून बसायचं नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा मला वाटतो. विषाणू असला तरी संप्रेरकांची साथ लागते आणि यजमानाचा वाण लागतो. यजमान म्हणजे ज्या देहात रोग वाढतो तो देह. आज आपण प्रतिकारखुणा मोजतो तेव्हा यजमानाचाच हिशोब मांडत असतो. त्यांच्याच गटाने कुष्ठरोगाच्या रुग्णांपासून एक जिवाणू वेगळा केला होता, आणि त्यावरून पुढे कुष्ठरोगाच्या लशीचं काम झालं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी बायका-मुलांच्या आरोग्यासाठी झटल्या. खानोलकरांनी तर त्याही आधी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांत कोणता कर्करोग किती, याच्या नोंदी मांडल्या होत्या. आपल्या मातीतल्या या कामाची ओळख आपल्याच विद्यार्थ्यांना नसते. अमेरिकन लेखकाचं पाठ्यपुस्तक तोंडपाठ असलेल्या मुलीने "रणदिवे कोण?" असं विचारलं, की मला वाईट वाटतं.

आता गाठीबद्दल. गाठीत प्रतिकारपेशी दिसतात हे फिर्खो या विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ सालीच पाहिलं होतं. त्या तिथे काय करतात याचं उत्तर मिळायला शंभरावर वर्षं गेली. आज आपण साधारण असं समजतो : बिघडलेल्या पेशी अधूनमधून निर्माण होतच असतात आणि पहारा त्यांना टिपतो. काहींना तो मारू शकत नाही, पण वाढूही देत नाही, आणि अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालू शकते. शेवटी ज्या पेशी पहाऱ्याला चकवायला शिकल्या त्याच उरतात आणि त्यांची गाठ होते. म्हणजे हाताला लागणारी गाठ ही चकवा देण्यात तरबेज झालेल्या पेशींचीच असते. आपल्या शरीराचा पहारा झोपला होता, असं रुग्णाला वाटतं, आणि कित्येक बायका स्वतःला दोष देतात. तो पहारा बहुधा वर्षानुवर्षं जागा होता.

चकवायचे मार्ग कोणते, तेच मार्कर सांगतात. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललं आहे त्याचे नमुने एचएलए नावाच्या प्रथिनावर ठेवून बाहेर दाखवत असते. सीडी-८ पेशी ते नमुने तपासत फिरतात. निरोगी स्तनाच्या अस्तरावर हे प्रथिन भरपूर असतं. कितीतरी गाठींमध्ये ते फिकं पडतं किंवा गायब होतं. जिने आपलं ओळखपत्रच फेकून दिलं तिला कसं तपासणार? त्यासाठी एनके नावाच्या दुसऱ्या पेशी आहेत. त्या ओळखपत्र नसलेल्यांनाच मारतात. मात्र गाठ त्यांनाही थोपवण्याच्या वाटा काढते. दुसरा मार्ग पीडी-एल-१ चा. टी-पेशीवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. ते जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलं. त्याला पीडी-एल-१ येऊन भिडलं की टी-पेशी शांत होते. लढाई संपल्यावर फौजेने थांबावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, आणि गाठ तीच सोय स्वतःच्या अंगावर चढवते. तिसरा मार्ग म्हणजे फॉक्सपी-३ ही खूण असलेल्या टी-पेशी. त्यांचं कामच इतरांना आवरण्याचं. निरोगी घोसात त्या क्वचित दिसतात, गाठीत त्यांची भर पडते. मॅक्रोफेजवर सीडी-१६३ ही खूण वाढली की त्या दुरुस्तीच्या कामाला लागल्या आहेत असं समजतात.

या मॅक्रोफेजना 'फितूर' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. दूध सुटल्यावर जे काम त्या प्रामाणिकपणे करतात, तेच त्या गाठीतही करत असतात. फरक एवढाच की ही दुरुस्ती कधी संपत नाही. हॅरल्ड द्वोराक यांनी १९८६ मध्ये गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटलं होतं. निरोगी ऊती पाहिलेल्या माणसालाच हे वर्णन पूर्ण उमगतं.

याच कारणाने एक खूण सगळीकडे एकच अर्थ सांगत नाही. तिहेरी नकारात्मक प्रकारात, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही खुणा नसलेल्या गाठीत, लिंफोसाइट जास्त असणं शुभ मानतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केमोथेरपी न घेतलेल्या १,९६६ रुग्णांच्या स्लाइड वाचल्या गेल्या. पहिल्या टप्प्यातल्या ज्या गाठींत आधार-ऊतीचा, म्हणजे गाठीच्या पेशींच्या मधल्या ऊतीचा, निम्मा किंवा जास्त भाग लिंफोसाइटनी भरलेला होता, त्या रुग्णांपैकी ९४ टक्के बायका पाच वर्षांनंतर दूरच्या अवयवात आजार न पसरता जगत होत्या. ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांत हा आकडा ७८ होता. याउलट २०१८ च्या एका अभ्यासात संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, हर-टू नसलेल्या गाठींमध्ये लिंफोसाइटची दाटी कमी आयुष्याशी जोडलेली निघाली. ठिपके तेच, निळा रंग तोच. म्हणून "पेशी खूप आहेत, छान झालं" असं रुग्णाला उत्साहाने सांगू नये. गाठ कोणत्या जातीची हे आधी कळलं पाहिजे.

तिहेरी नकारात्मक प्रकार आपल्याकडे जास्त आढळतो. पाश्चात्य देशांत तो सात-आठ रुग्णांमागे एकीला असतो, भारतातल्या बहुतेक अभ्यासांत तीन-चार रुग्णांमागे एकीला. आपल्या रुग्ण वयानेही साधारण दहा वर्षांनी लहान असतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात १,९२,०२० बायकांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि ९८,३३७ दगावल्या. त्यांतल्या कितीतरी मराठवाड्याच्या आहेत. छावणीतून खाम नदी ओलांडली की १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा मुलूख 'घाटी' म्हणतो, आणि आमखास मैदानाजवळ २०१२ पासून चालू असलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय. तिथल्या झाडांखाली परभणी, हिंगोली, बीड, बुलडाणा, जळगावच्या बायका भाकरीचा डबा उघडून बसलेल्या दिसतात. या पुस्तिकेतला एकेक मार्कर मी त्यांच्या खर्चाच्या हिशोबाने तपासला आहे.

हिशोबात एक गोष्ट आनंदाची आहे. लिंफोसाइट मोजायला तपकिरी रंगाची, महागड्या अँटिबॉडीची गरजच नाही. २०१४ साली वेगवेगळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून जी पद्धत ठरवली, ती साध्या गुलाबी-निळ्या स्लाइडवरची आहे. ती स्लाइड प्रत्येक रुग्णाची आधीच तयार असते. गाठीच्या पेशींच्या मधल्या आधार-ऊतीचा किती टक्के भाग लिंफोसाइटनी व्यापला आहे, हे शांतपणे पाहून लिहायचं. लागतो तो वेळ आणि सवयीचा डोळा. हा आकडा प्रत्येक तिहेरी नकारात्मक रिपोर्टवर यावा, असं मला कळकळीने वाटतं. जिल्ह्याच्या ठिकाणची कोणतीही प्रयोगशाळा हे आजपासून करू शकते.

पीडी-एल-१ ची, म्हणजे तो चकवा मोडणाऱ्या औषधांसाठी तपासतात त्या खुणेची, गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे कोणत्या कंपनीची अँटिबॉडी वापरली यावर उत्तर बदलतं. एक चाचणी फक्त प्रतिकारपेशी मोजते, दुसरी गाठीच्या पेशीही धरते. एकाच ब्लॉकचे शेजारशेजारचे काप एकीत 'होय' आणि दुसरीत 'नाही' ठरू शकतात. पहिल्या चाचणीशी जोडलेल्या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये तिहेरी नकारात्मक आजारासाठी अटींवर मंजुरी मिळाली होती. २०२१ मध्ये कंपनीनेच तो वापर मागे घेतला. दुसरं औषध, पेम्ब्रोलिझुमॅब, शस्त्रक्रियेआधी केमोथेरपीच्या जोडीने दिलं तेव्हा गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेलं. त्या टप्प्यात पीडी-एल-१ असो वा नसो, फायदा झालाच. तेव्हा लवकरच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या घरच्यांनी या चाचणीसाठी दागिने गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हिच्या उत्तराने आमचे उपचार बदलणार आहेत का? औषधाची किंमत तर कित्येक घरांच्या आवाक्याबाहेरचीच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोक्या-मानेच्या कर्करोगात अशाच गटातलं निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, देऊन पाहिलं. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगाला तसाच लावता येणार नाही. पण आपल्या रुग्णांच्या खिशाकडे बघून प्रश्न विचारला, की विज्ञानही उत्तर देतं, हे त्या कामाने दाखवलं.

राहिली ती माझ्या मनातली सर्वांत मोठी उणीव. 'निरोगी' कशाला म्हणायचं? बहुतेक अभ्यासांत गाठीशेजारचा, दिसायला चांगला तुकडा निरोगी म्हणून घेतात. पण गाठीची सावली त्या शेजारावर पडलेली असते आणि तिथला पहाराही बदललेला असतो. २००७ साली अमेरिकेत इंडियानाला एक ऊतीपेढी सुरू झाली. कोणताही आजार नसलेल्या बायका तिथे येऊन स्वतःच्या स्तनाचा छोटा तुकडा संशोधनासाठी देतात. त्या दात्यांबद्दल मला अपार आदर आहे. २०२३ मध्ये निरोगी स्तनाचा पेशी-नकाशा प्रसिद्ध झाला. १२६ बायकांच्या सात लाखांवर पेशी एकेक करून वाचल्या गेल्या आणि प्रतिकारपेशी अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. मात्र वीस वर्षांची असताना पहिलं बाळंतपण झालेली, तीन लेकरांना दोन-दोन वर्षं पाजलेली, शेतात राबणारी, आयुष्यभर क्षयाच्या जंतूंच्या सहवासात असलेली मराठवाड्यातली बाई त्या नकाशात कुठे आहे? क्षयाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आपल्याकडे क्षय स्तनातही होतो, गाठीसारखाच हाताला लागतो आणि स्लाइडवर प्रतिकारपेशींचा दाट गराडा दाखवतो. तुकडा न तपासता त्याला कर्करोग समजण्याची चूक होऊ शकते, आणि कर्करोगाला क्षय समजण्याचीही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, आपल्या शहराचीही आहे. किती जणींना झाला हे त्या नोंदवह्या सांगतात. आपल्या बायकांच्या निरोगी ऊतीत कोण पहारा देतं, हे कोणत्याच वहीत नाही. भारी स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रिया आता आपल्या शहरांतही होतात. त्यातून निघालेली ऊती त्या बाईच्या संमतीने जपली, तरी सुरुवात होईल.

तोवर एक लहान गोष्ट करता येते. तुकड्यासोबत येणाऱ्या फॉर्मवर नाव, वय आणि 'गाठ, उजवी बाजू' एवढंच लिहिलेलं असतं. शेवटची पाळी कधी आली, शेवटचं बाळंतपण कधी झालं, अंगावर पाजणं सुरू आहे की सुटलं, हे क्वचितच असतं. या तिन्ही गोष्टींनी स्तनातल्या प्रतिकारपेशी बदलतात, हे पुढच्या पानांत सविस्तर येईल. मध्यंतरी एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेल्या फॉर्मवर तिथल्या सिस्टरने निळ्या बॉलपेनने, रकाना नसताना, कडेला लिहिलं होतं : 'दूध सुटून ७ महिने. तिसरं बाळ.' मी ती ओळ दोनदा वाचली, स्लाइड काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली, आणि नळीभोवती जमलेल्या मॅक्रोफेजकडे नव्याने पाहू लागले.